भावाच्या मनगटावरचं सॅम्पल

माझं काम काय, हे आमच्या घरात आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही. आईला एखादीनं विचारलं, "पोरगी काय करते वं?" तर ती बेधडक सांगते, "पुन्याले दोरे तोडते." समोरची हसते, आईही हसते आणि मला राग येतो. पण खोटं तरी काय आहे त्यात? मी दोरे करते आणि तोडते. त्यावरच मला पदवी मिळायची आहे, मिळाली तर.

आधी दोरा करायचा. पिठासारखी पांढरी भुकटी असते. जात पॉलिथीनचीच, म्हणजे बाजारात भाजीला मिळते ती पिशवी ज्याची, तेच हे. फक्त हिच्या रेणूंच्या साखळ्या फार म्हणजे फारच लांब. ती भुकटी गरम तेलात विरघळवायची आणि बारीक भोकांतून दाबून काढायची. ओल्या कुरडयांसारखे लिबलिबीत धागे खाली पडतात. मग त्यातलं तेल काढून टाकायचं आणि ते धागे तापल्या भट्टीतून हळूहळू ओढायचे, ओढत ओढत कितीतरी पट लांब करायचे. आतल्या गुंतलेल्या साखळ्या सरळ होतात, सगळ्या एका दिशेनं लागतात, आणि असा दोरा होतो की वजनाला वजन धरलं तर पोलाद मागं पडतं.

मग तो तोडायचा. मशीनला दोन गोल खुंट्या असतात, त्यांना दोरा गुंडाळायचा. साध्या चिमट्यात हा थांबत नाही, इतका गुळगुळीत असतो. साधी गाठसुद्धा धरत नाही, सुळकन सुटते. खुंट्या एकमेकींपासून लांब जातात, दोरा ताणतो, ताणतो आणि फट्‌कन तुटतो. पडद्यावर आकडा येतो. दोरा खुंटीपाशी तुटला तर तो आकडा धरायचा नाही, मधोमध तुटला तरच खरा. एकाच रिळातले तुकडे लावले तरी एक इकडं तुटतो, दुसरा तिकडं, आणि आकडे एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. मी कित्येकदा त्या मशीनसमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलंय, "अरे, कायले छळून राह्यला?"

त्यात ते एक रीळ निघालं. दोरा भट्टीतून ओढत असताना वीज गेली. भट्टी कोमट होत गेली आणि धागा आत तसाच ताणलेला राहिला. वीज आल्यावर खरं तर तो फेकायचा. मी कंटाळले होते, पुढं ओढून टाकला. तोडायला लावला, तर तुटेचना. खुंट्यांवरून सरकायला लागला, मशीन थांबलं. दुसऱ्या दिवशी परत लावला, तर आकडा साधाच आला. तिसऱ्या दिवशी पुन्हा मशीन थांबलं. मी तशीच वीज बंद करून, तशीच भट्टी कोमट होऊ देऊन आणखी रिळं केली. एकही तसं झालं नाही. सर म्हणाले, "एक तर तुझी चूक आहे, नाही तर काहीतरी मोठं आहे. मला दोन्ही चालेल, पण कोणतं ते सांग." नागपूरला एका ठिकाणी जास्त ताकदीचं मशीन होतं, तिथली वेळ मिळाली. दोरा तिथं न घसरता तुटला आणि आकडा आला तर माझं काम संपलं. नाही आला तर एवढ्या वर्षांच्या कामातून ते रीळच वगळायचं, आणि ते वगळलं तर उरत होतं ते कुणीही आधीच केलेलं.

नागपूरच्या वाटेवर घर होतं. अनसिंगजवळ आमचं गाव. आश्विन पौर्णिमा होती, वर्षावास संपत होता. तीन महिने आई रोज विहारात ग्रंथवाचनाला जायची, त्याची समाप्ती होती आणि भंतेजी परित्राणपाठाला, म्हणजे सगळ्यांच्या रक्षणासाठी सुत्तं म्हणायला, येणार होते. आईनं फोनवर बजावलं होतं, "येतांनी वाशीमहून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आनजो. चांगलं पाह्यजो, कुजकं नोको." परित्राणाला दोरा लागतोच. पाण्याच्या मडक्याला एक टोक बांधतात, तिथून तो दोरा विहारात बसलेल्या प्रत्येकाच्या हातातून जातो, आणि पाठ संपला की त्याचेच तुकडे करून सगळ्यांच्या मनगटावर बांधतात. मी वाशीमच्या स्टँडसमोर सुताचं रीळ घेतलं, पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात टाकलं आणि घरी येऊन आडवी झाले.

मी झोपले होते तेव्हा आईनं पिशवी उघडली. बाजूच्या कप्प्यात कोण बघतं? मोठ्या कप्प्यात, साड्यांच्या घडीत जपून ठेवलेलं रीळ तिला दिसलं. पांढरंशुभ्र, रेशमासारखं चमकणारं. पोरीनं एवढं जपून आणलं म्हणजे हेच, असं तिला वाटलं. कुणालाही तेच वाटलं असतं.

संध्याकाळी विहार भरला होता. मेणबत्त्या लागल्या होत्या. मी मागच्या बाजूला बायांत बसले. दोरा हातोहात येत माझ्यापर्यंत आला, मी दोन बोटांत धरला. दोरा गार लागला. सुताचा दोरा गार लागत नाही, माझा लागतो. मी अंगठा फिरवून पाहिला. तोच गुळगुळीतपणा. एवढे दिवस ज्याच्याशी भांडले तो बोटांना कळणार नाही का?

पाठ सुरू झाला होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आता काय करू? उठून ओरडू? "थांबा, हा पॉलिथीनचा आहे" म्हणू? भंतेजींच्या समोर? आई पुढच्या रांगेत हात जोडून बसली होती, तिच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांचं समाधान होतं. मी तशीच बसून राहिले. तोंडानं सगळ्यांबरोबर म्हणत होते आणि मनात रिळावर किती उरला असेल याचा अंदाज करत होते. मला माझीच लाज वाटत होती, आणि अंदाजही थांबत नव्हता.

पाठ संपला आणि खरी गंमत सुरू झाली. दोरा तुटेना. एकीनं दातानं ओढला. "अवं माय, दात जाईन माहा!" कुणी कात्री आणली, ती दोऱ्यावरून घसरायला लागली. विळा आला. "काय दोरा आनला वं पोरीनं! असा दोरा त जलमात नाई पाह्यला." आई मान वर करून बघत होती, असा अभिमान की काय सांगू. मग कुणीतरी दोरा मेणबत्तीवर धरला. बास, झटक्यात वेगळा झाला. नायलॉनच्या दोरीचं टोक आमच्याकडं सगळेच काडीनं जाळतात, विस्कटू नये म्हणून, त्याच सवयीनं सगळ्यांनी तेच सुरू केलं. दोरा मनगटाला बांधायचा, गाठ सुटतेय असं दिसलं की टोकं मेणबत्तीवर टेकवायची आणि वितळलेली गाठ ओल्या बोटानं दाबायची. पोलादाला भारी पडणारा माझा दोरा ज्योतीपुढं क्षणभर टिकत नव्हता, आणि एकदा असा चिकटवला की गाठ काही केल्या सुटत नव्हती. मी ते बघत राहिले आणि मला हसावं की रडावं कळेना.

शेवटी रिळावर उरला तो सगळा आईनं माझ्या मोठ्या भावाच्या उजव्या मनगटावर गुंडाळला. वेढ्यावर वेढे. तो हडंबा चालवतो. सोयाबीनचं मळणीयंत्र, ट्रॅक्टरवर फिरणारं, त्याला आमच्याकडं हडंबा म्हणतात. सीझनमध्ये तो या शेतातून त्या शेतात जातो आणि कवेत मावेल तेवढं सोयाबीन स्वतः हडंब्याच्या तोंडात ढकलतो. आई भंतेजींना म्हणाली, "हा मशीनीवर असते जी. याच्या हाताले जास्त बांधते." भंतेजींनी मान हलवली. भावानं हात पुढं धरला.

बाहेर आल्यावर मी अक्कल गहाण टाकली. चपला घालणाऱ्या बायांना गाठून म्हणाले, "तो दोरा माझ्या परीक्षेचा आहे, परत द्या ना." सगळ्या माझ्याकडं बघायलाच लागल्या. शेजारची काकू म्हणाली, "परित्राणाचा दोरा कोनी वापस मांगते का वं? शिकून शिकून येडी झाली का?" आई मान खाली घालून चालायला लागली. घरी येऊन मी चुलीपुढं बसून रडले. भाऊ जेवत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मनगटाकडं पाहिलं, आणि ताट संपवलं.

सकाळी मी उठले तेव्हा तो शेतावर गेला होता. निदान माझ्या मनगटावरचा तुकडा तरी काढावा म्हणून मी दोरा दाराच्या कडीत अडकवला आणि झटका दिला. दोरा जसाच्या तसा. कातडीत मात्र असा रुतला की रक्त आलं. मी मनगट तोंडात धरून उभी राहिले. मनगटावर बारीक लाल रेघ उठली होती. ती बघता बघता मला हडंब्याचं तोंड दिसलं.

सुताचा दोरा सोयाबीनच्या काडीत अडकला, पट्ट्यात गेला, तर तुटतो. हात आपला आपल्याकडं राहतो. म्हणूनच मशीनवर मफलर नको, पाटल्या नकोत म्हणतात आणि मनगटावरच्या दोऱ्याला कुणी काही म्हणत नाही. हा दोरा तुटणार नव्हता. आईनं त्याच्या हाताच्या काळजीनं वेढ्यावर वेढे दिले होते, आणि मशीनला आणि त्याच्या हाताला एकत्र बांधायला याहून पक्की वस्तू गावात दुसरी नव्हती. ती मीच केलेली होती. त्याला फोन लावला. हडंब्याच्या आवाजात फोन कुणाला ऐकू येतो? पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातलं सुताचं रीळ काढलं, काडीपेटी घेतली आणि नाल्यापलीकडच्या शेताकडं पळत सुटले.

तो दिसला. उभा होता, दोन्ही हात शाबूत. मी आधी बांधावर बसून श्वास घेतला. मग ओरडून ओरडून मशीन थांबवायला लावलं.

"दादा, तो दोरा काढ."

"काहून?"

मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले तुह्या टेस्टिंगसाठी पायजे म्हनून सांगून राह्यली ना?"

मला जोराचा राग आला, आणि तेवढ्यात हेही कळलं की मी 'नाही' म्हणू शकत नाही. पळताना माझ्या डोक्यात त्याचा हात होता, ही शपथेवर खरी गोष्ट. पण त्या हातावर जेवढा लांब दोरा आहे तेवढा गावात दुसरीकडं कुठंच उरलेला नाही, हेही डोक्यात होतं. पुढं कोण होतं आणि मागं कोण, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही येत नाही.

"मले दोरा बी पायजे अन् तुहा हात बी पायजे," मी म्हणाले. माझी भाषा अशा वेळी बरोबर घरी येते. "कोन्ता जास्त पायजे ते इचारू नोको. माह्या डोक्याचा भुगा झाला हाय."

तो हसला. हात पुढं केला. "घे. पन मायले काय सांगशीन ते तूच सांगजो." मी काडी ओढून नुसती गाठ जाळली, वेढ्यांना धक्का लावला नाही, आणि दोरा उलगडून घेतला. चांगला लांब निघाला. नागपूरच्या मशीनवर लावण्याएवढा. मी तो चार बोटांना गुंडाळला. माझं काम झालं होतं, आणि त्याचा हातही मोकळा झाला होता. तेव्हाच घरी निघून यायला हवं होतं.

पण गंजीवरून सोयाबीन काढून देणाऱ्या बाया आमच्याच मोहल्ल्यातल्या होत्या. प्रत्येकीच्या मनगटावर तोच दोरा चमकत होता. मी त्यांना म्हणाले, "तुमचे पण काढा." कुणी जागची हलली नाही. त्यांतलीच शेजारची काकू म्हणाली, "काल मांगतले, दिले नाई, म्हनून आज भेव दाखून राह्यली व्हय? भावाचा घेतला ना? झालं तुहं. आमचा राहू दे." बाकीच्या हसल्या. काल मी ज्या तोंडानं मागितले होते त्याच तोंडानं आज सांगत होते. का ऐकावं त्यांनी? भावानं मशीन चालू करायला हात उचलला.

"थांब," मी म्हणाले. "मी दाखवते."

दाखवायचं तर लांबूनच दाखवायला हवं होतं. माझ्या मनगटावरचा तुकडा वीतभराचा, तो लावायचा म्हणजे स्वतःचाच हात ट्रॅक्टरवरून हडंब्याला फिरवणाऱ्या शाफ्टपाशी न्यायचा. लांब दोरा एकच होता, माझ्या बोटांना गुंडाळलेला. मी किती वेळ तशी उभी राहिले मला आठवत नाही. सरांचा चेहरा दिसला, ते थांबलेलं मशीन दिसलं. काकूचं मनगट दिसलं. काकूचा रागही येत होता, अगदी खरं सांगते. एका क्षणी असंही वाटलं, नको तर नको, मी सांगितलंय. मग मी भावाला म्हणाले, "एक खुटा ठोक."

त्यानं अंगठ्यापेक्षा जाड बाभळीचा खुटा हडंब्यापासून हातभर अंतर सोडून जमिनीत ठोकला. मी आधी सुताचा दोरा घेतला. एक टोक खुट्याला, दुसऱ्या टोकाला सोयाबीनच्या काड्यांची मूठ. मशीन सुरू केलं, सगळ्यांना मागं सारलं, आणि लांबून ती मूठ फिरत्या शाफ्टवर फेकली. दोरा तुटला, खुटा हलला नाही. काकू म्हणाली, "तुटलाच ना? हेच म्हनून राह्यलो आमी."

मग माझा. दुहेरी केला, गाठी मारल्या, काडीनं चिकटवल्या. सगळ्यांना पुन्हा मागं सारलं. फेकला.

'कडाक' एवढंच ऐकू आलं. खुटा जमिनीपासून मोडला होता आणि त्याचं वरचं टोक शाफ्टवर फिरत पत्र्यावर धाडधाड आपटत होतं. भावानं धावत जाऊन ट्रॅक्टर बंद केला. खुट्याचं उरलेलं पांढरं लाकूड जमिनीतून वर आलेलं होतं, सगळ्याजणी त्याकडं बघत होत्या. मग काकू पुढं आली, बांगड्या मागं सारल्या आणि मनगट माझ्यापुढं धरलं. "काढ बाई." मी एकेकीची गाठ जाळली, निघाले ते वीतभराचे तुकडे, मशीनला लावण्याएवढा एकही नाही, आणि प्रत्येकीला सुताचा दोरा बांधला. कुणी थट्टा केली नाही. मला ती हवी होती.

माझा दोरा शाफ्टवर गच्च बसला होता. घासून घासून तापला होता आणि वितळून मेणासारखा गोळा झाला होता. भावानं पेचकसानं तो खरवडून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हे चालते का?"

"नाही."

"मंग?"

"मंग काही नाही."

त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, आणि तोंड फिरवून पाना शोधायला लागला.

मी बांधावरूनच सरांना फोन केला. झालं ते सांगितलं. त्यांना परित्राण कळलं नाही, हडंबाही कळला नाही. ते एवढंच विचारत राहिले, "पण दोरा तुटला का?"

"नाही सर. खुटा तुटला."

"मग आकडा?"

"आकडा नाही."

ते म्हणाले, परत ये, पुन्हा करू. पुन्हा तो होत नाही, हेच तर मी त्यांना इतके महिने सांगत होते. तो दोरा चूक होता की काहीतरी मोठं, ते आता कुणालाच कळणार नाही. त्याचं वाईट वाटतं. खूप वाटतं. त्या दिवशी केलं ते बरोबर होतं हे माहीत असूनही वाटतं, आणि असं वाटतं म्हणून पुन्हा स्वतःचा राग येतो.

आईला बातमी आमच्या आधी पोचली होती. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा ती दारात बसली होती. भावाचा उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट दाबून पाहिलं.

"म्या त हातासाठीच बांधला व्हता," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "दोरा पक्का असाव का कच्चा असाव वं? तू त तेच शिकतं ना?"

मी तिच्या शेजारी दारातच बसले.

तिनं माझ्याकडून सुताचं रीळ मागून घेतलं. एक तुकडा काढला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला. तुटला. मला वाटलं आता बांधेल. तिनं दुसरा काढला, ताणला, तोही तुटला. मग तिसरा. तुकडे तिच्या मांडीवर पडत होते. दर वेळी तुटला की ती मान हलवायची आणि तरी पुढचाही तुटेल यावर तिचा विश्वास बसत नव्हता. भाऊ हात पुढं करून बसून होता.

"बास कर ना माय," तो म्हणाला. "तुटते तो."

"थांब जरासा," आई म्हणाली, आणि रिळावरून आणखी एक तुकडा काढला.